बॅरल ठीक आहे

पिशवीची चेन उघडायच्या आत गिऱ्हाईक म्हणतं, "काका, बॅरल गेलं बहुतेक." तीसेक वर्षं मी हे वाक्य ऐकतोय. बोलणारा बँकेतला साहेब असो, पोलिसातला हवालदार असो, नाहीतर कॉलेजातली मुलगी, सूर एकच. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या आधी आपणच आजाराचं नाव सांगणाऱ्या माणसाचा असतो तसा.

मी एअर पिस्तुलं दुरुस्त करतो. दहा मीटरच्या स्पर्धेत वापरतात ती. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात आता काचेची ऑफिसं झाली आहेत. त्यांच्या मागच्या अंगाला एक शूटिंग रेंज आहे, आणि तिच्या पोटमाळ्यावर माझं टेबल. मी मूळचा त्याच गिरणीच्या टूलरूममधला फिटर. गिरणी गेली तेव्हा हातातली कानस तेवढी उरली. पुढे रेंजच्या सेक्रेटरींनी एक पिस्तूल आणून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "परब, उघडून बघ. नाहीतरी भंगारातच जायचंय." आत एक रबराची रिंग फाटलेली होती, बाकी काही नाही. ती बदलली आणि पिस्तूल चाललं. दुसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी तीन पिस्तुलं घेऊन आले.

आता बॅरलचं सांगतो. बॅरल म्हणजे पिस्तुलाची नळी. आतून पिळाच्या बारीक खाचा असतात, त्यांतून छर्रा गिरकी घेत बाहेर पडतो. बंदुकीत दारू पेटते, आग होते, ती आग हळूहळू पोलाद खाते. इथे दारू नाही आणि आगही नाही. दाबलेली हवा आणि नखाने ओरखडा उठेल इतका मऊ शिशाचा छर्रा. तो पोलादाला काय झिजवणार? लाखाच्या वर शॉट मारलेली पिस्तुलं मी उघडून पाहिली आहेत. दिव्यासमोर धरलं की आतल्या खाचा काल कापल्यासारख्या चमकतात. रबर जातं, स्प्रिंग जाते, हवेच्या नळकांड्याची मुदत संपते. बॅरल राहतं. ते बिघडलंच तर माणसाच्या हातून. कुणी लोखंडी सळई घालून रोज घासतो आणि तोंडाची कड मारतो. कुणी पावसाळाभर कपाटात कोंडून ठेवतो, मग आपली खारी हवा आत गंज चढवते.

गिरगावातले एक निवृत्त हेडमास्तर होते, पेंडसे गुरुजी. दसऱ्याला पिस्तुलाची पूजा करायचे. एकदा तक्रार घेऊन आले की दसऱ्यापासून नेम बिघडला. मी पहिला छर्रा मारला तर कागदावर भोकाभोवती लाल गोल उमटला. दुसऱ्यालाही तेच. बॅरलमध्ये चिमूटभर कुंकू बसलं होतं. गुरुजी म्हणाले, "अहो, शस्त्राच्या कपाळाला लावायचं तर कपाळ कुठलं, हे मला कुणी सांगितलंच नाही!" मी साफ करून दिलं आणि म्हटलं, पुढच्या वर्षी पेटीला लावा.

बॅरल बरं की वाईट हे ठरवायची एक चाचणी आहे. पिस्तुलाची लाकडी मूठ काढून बाजूला ठेवायची. उरलेलं पिस्तूल पोलादी वाइसमध्ये घट्ट आवळायचं. दहा मीटरवर कागद लावायचा आणि नुसता घोडा दाबायचा. हात नाही, श्वास नाही, डोळा नाही. पाच छर्रे जातात आणि कागदावर भोक एकच पडतं. एकावर एक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगतो, अजून येतो. माणूस बाजूला केला की ते इतकं शांतपणे, इतकं अचूक काम करतं, की आपण खोलीत उगाच उभे आहोत असं वाटायला लागतं.

मग मी तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो, "बॅरल ठीक आहे." याचा अर्थ काय, हे दोघांनाही कळतं. चूक तुझी आहे, जा आणि सराव कर. हे सांगताना मला थोडी मजा वाटायची, तेही कबूल करतो.

श्रीधर तावडेला मी हे सात वेळा सांगितलं.

श्रीधर लालबागचा. एका विमा कंपनीत क्लार्क, वय एक्केचाळीस-बेचाळीस. आमच्याच बाजूचा, देवगडकडचा, त्यामुळे पोटमाळ्यावर आला की मालवणीत सुरू व्हायचा. उंच, लांब बोटांचा, कमी बोलणारा. ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून चार दिवस रेंजवर. राज्याच्या स्पर्धेत दोनदा पदकाच्या जवळ जाऊन आला होता. पिस्तूल परदेशी बनावटीचं, कर्ज काढून घेतलेलं. त्याला तो इतका जपायचा की मला हात लावू देतानाही डोळे माझ्या बोटांवर.

एका दुपारी वर आला. "काका, बॅरल गेला हा."

"कशावरून?"

"सगळे शॉट खाली डावीकडे जातत. घड्याळातल्या सातच्या काट्यावर. मी सांगतंय ना तुमका, बॅरलच."

मी मूठ काढली, वाइस आवळलं, पाच मारले. एक भोक. "श्रीधर, बॅरलाक काय एक झाला नाय. ठीक आसा."

तो कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मग जरा मूठ भरून द्या. हात बसना नाय."

ही मूठ समजावून सांगायला हवी. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते आणि ती ज्याची त्याच्या हातासारखी करून घ्यावी लागते. जिथे हात उंच तिथे लाकूड कानसायचं, जिथे खोलगट तिथे पुट्टी भरायची, आणि पुट्टी ओली असताना माणसाने ती धरून बसायचं, म्हणजे हाताचा ठसा उठतो. नीट झालेली मूठ हातमोज्यासारखी बसते. मी बनवलेली मूठ पिस्तुलावरून काढून टेबलावर ठेवली तर ती वस्तू वाटत नाही. कुणीतरी नुकताच हात काढून घेतलाय, असं वाटतं.

मी श्रीधरच्या अंगठ्याच्या बुडाशी पुट्टी भरली. तो दहा मिनिटं धरून बसला. बरं वाटलं म्हणाला.

दोन महिन्यांनी परत आला. परत बॅरल, परत वाइस, परत एक भोक. परत मूठ सैल. "बारीक झालंस रे," मी म्हटलं. तो हसला. "ऑफिसात जिम लागला, काका." मी भरून दिली. मग दीड महिन्याने, मग महिन्याने. अंगठ्याखाली, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, तळव्याच्या कडेला. वर्षभरात सात थर झाले. प्रत्येक वेळी मी आधीच्या थराशी सांधा इतका साफ घासून काढला, की बोट फिरवलं तर कळू नये. मला त्या कामाचा अभिमान होता. दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायचो.

सातव्या वेळी मूठ धरून बसला असताना त्याने डाव्या हाताने उजवा हात आवळून धरला होता. मी पाहिलं. पुट्टीवर दाब यावा म्हणून करतोय, असं मला वाटलं.

त्यानंतर तो आलाच नाही. काही महिन्यांनी त्याचा चुलतभाऊ पिस्तूल घेऊन आला. श्रीधरने खेळ सोडला, गावी गेलाय, पिस्तूल कुणालातरी द्या, एवढंच बोलला. रेंजच्या रजिस्टरात नोंद करून मी ते ठेवून घेतलं. का सोडला, हे विचारलं नाही. माणसं खेळ सोडतात.

दोनेक वर्षं ते पिस्तूल माझ्याकडेच पडून होतं. मग डॉक्टर नंदिता केतकरांनी घेतलं. दादरला राहतात, परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपी करतात. हातांचं काम, म्हणजे मोडलेले, शिवलेले, लुळे पडलेले हात परत चालवणं. पन्नाशीच्या आसपास, बोलणं स्पष्ट. खरं तर मूठ नव्या माणसाला देताना जुनी पुट्टी खरवडून काढायला हवी. पण ते माझ्या हातचं काम होतं. कानस लावायला जीव होईना. "वापरून बघा," मी म्हटलं, "हात सरावेल."

तीन आठवड्यांनी त्या पोटमाळ्यावर आल्या. "परबकाका, हसू नका. बॅरल खराब आहे."

"शॉट कुठे जातात?"

"खाली, डावीकडे. सातच्या काट्यावर."

मी हसलो नाही. पण तेव्हा मनात काही आलंही नाही. मूठ काढून टेबलावर ठेवली, पिस्तूल आवळलं. पाच छर्रे, एक भोक.

"बॅरल ठीक आहे."

"मग हे काय आहे ते सांगा," त्या म्हणाल्या. "तीस-चाळीस शॉटनंतर माझा अंगठा बधिर होतो. आणि एक वेडगळ गोष्ट आहे, घरी कुणाला सांगितली नाही. पिस्तूल उचललं की कुणीतरी माझा हात हातात घेतल्यासारखं वाटतं. मला सरळ न्यायचं असतं आणि तो हात जरासा खाली ओढतो. जोर लावून नाही. थकल्यासारखा."

खाली रेंजवर कुणीतरी सराव करत होतं. टप्, टप्, असा छर्ऱ्यांचा आवाज येत होता. डॉक्टरांनी टेबलावरची मूठ उचलली. पिस्तुलाशिवाय ती त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ती खिडकीकडे नेली, आत एकेक बोट ठेवून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. पेशंट समोर बसल्यावर होत असेल तसा.

"काका, हा कुणाचा हात आहे?"

"आधी ज्यांचं होतं त्यांचा."

"पुरुष. बोटं लांब आहेत." त्यांनी अंगठा पुट्टीच्या उंचवट्यावर टेकवला. "आपल्या सगळ्यांच्या अंगठ्याखाली मांसाची गादी असते. बघा, तुमचीही आहे. याची संपत आली होती. म्हणून इथे एवढी पुट्टी. आणि इथे, बेचक्यात. इथेही खळगा पडलाय. नुसता बारीक झालेला माणूस नाही हा, काका. बारीक माणसाचा हात सगळीकडून उतरतो. याचे स्नायू एकेक करून गेलेत." मग कडेला नख लावून त्यांनी पुट्टीच्या रंगांतला फरक मोजला. जो मी बोटाला कळू दिला नव्हता, तो उजेडात दिसत होता. "एक, दोन, तीन... सात थर. किती दिवसांत?"

"वर्षभरात."

"शेवटी याला किल्ली फिरवता येत नसणार. शर्टाचं बटण लावता येत नसणार. आणि तरी हा पिस्तूल उचलत होता." त्यांनी मूठ उलटी केली. "कुणी भरलंय हे?"

"मी."

त्यांनी मूठ टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "हा माणूस आता कुठे आहे?"

गावी गेलाय, एवढंच मला माहीत होतं.

त्या गेल्यावर मी मूठ परत बसवली आणि पिस्तूल घेऊन खाली उतरलो. मी बऱ्यापैकी मारतो. पाच शॉट मारले. माझ्या डोळ्याला नेम दहा गुणांच्या बटणाएवढ्या गोलावर दिसत होता आणि शॉट सातच्या काट्यावर जात होते. प्रत्येक वेळी घोडा दाबायच्या क्षणी तळव्यात तोच थकलेला ओढा. पाचव्याला मी पिस्तूल खाली ठेवलं आणि हात पँटला पुसला.

माझ्या ड्रॉवरमध्ये गिऱ्हाइकांची नेम मारलेली जुनी कार्डं असतात. श्रीधरने तक्रार दाखवायला आणलेलं शेवटचं कार्ड काढलं. डॉक्टरांनी आणलेलं टेबलावर होतंच, माझं हातात होतं. तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. भर दुपार होती. तिन्ही कार्डांच्या भोकांतून ऊन आरपार माझ्या शर्टावर पडलं, एकाच ठिकाणी.

तेव्हा कळलं मी काय करत होतो. चाचणी घ्यायची म्हणून दर वेळी सगळ्यात आधी मी मूठ काढून बाजूला ठेवत होतो. सात वेळा त्या माणसाच्या हाताचा ठसा माझ्या समोर टेबलावर पडला होता, आधीपेक्षा बारीक, आणखी बारीक. आणि मी त्याच्याकडे पाठ करून बॅरलमध्ये दिवा लावून बघत होतो.

डॉक्टरांसाठी मी नवी मूठ केली. त्यांचे शॉट मधे आले, अंगठ्याचा बधिरपणाही गेला. जुनी मूठ माझ्या फळीवर राहिली. चार दिवस मी तिच्याकडे पाठ करून बसू शकलो नाही. पाचव्या दिवशी वहीत श्रीधरच्या घरचा नंबर शोधला. फोन त्याच्या बायकोने उचलला, सुलभावहिनींनी. नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ते गेले, काका. दीड वर्ष झालं. तुम्हाला कुणी कळवलं नसेल." आणि लगेच, "तुम्ही या ना."

त्यांची चाळ पाडून करी रोडच्या बाजूला टॉवर झाला आहे. वहिनींना चौदाव्या मजल्यावर जागा मिळाली. श्रीधरने ती पाहिली नाही. शनिवारी दुपारी गेलो. सगळ्या भिंती पांढऱ्या, सामान थोडं. खिडकीच्या फटीतून वारा एकाच बारीक सुरात वाजत होता. वहिनी म्हणाल्या, "दिवसभर असंच. चाळीत कधी एवढी शांतता नव्हती, आता ह्या आवाजाचीच सोबत." लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात त्या गल्ल्यावर बसतात. बोटांच्या पेरांवर मिरचीचा रंग होता.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. मला दिसायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. मी पुट्टी भरत बसलो आणि त्याला ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहिलो.

वहिनींनी मला पुरतं बोलू दिलं.

"त्यांना माहीत होतं, काका."

"कधीपासून?"

"बॅरलची तक्रार घेऊन तुमच्याकडे पहिल्यांदा आले त्याच्या आधीपासून. परळला मोठ्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. ह्याच्यावर औषध नाही, किती दिवस काढाल तेही सांगितलं. मला बरोबर नेलं होतं ना."

"मग बॅरल बघा म्हणून कशाला यायचे?"

"मीपण हेच विचारलं होतं." त्या खिडकीकडे बघत होत्या. "म्हणाले, 'गो, जो तो तोंड पाडून बोलता. एकटो परबकाका आसा, तो दिवो लावन आत बघता आणि म्हणता ठीक आसा.' त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नीट. तेवढं ऐकायला यायचे ते तुमच्याकडे."

वारा वाजत राहिला.

मी पिशवीतून मूठ काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हस्तांदोलन करावं तशी धरली, आत बोटं घातली, आणि लगेच सोडली. टीपॉयवर ठेवून दिली.

"हा शेवटचा हात आहे," त्या म्हणाल्या. "हाच हात धरून मी त्यांना भरवलं. हा नको मला. ह्याच्या आधीचा आहे का आत?"

पहिल्यांदा मला समजलं नाही. मग समजलं. कानस आणि पटाशी माझ्या पिशवीत कायम असतात. "पाणी उकळायला ठेवा," मी म्हटलं.

वाफेवर धरली की ही पुट्टी जरा नरम पडते आणि थर सुटतो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून मी सातवा थर उचकटला. वहिनींनी मूठ फडक्यात धरून निवू दिली, आत बोटं घातली. "हां. गावी जायचं ठरलं तेव्हाचा." सहावा काढला. "ह्या वेळी चमचा पडायला लागला होता." पाचवा. "गणपती. सजावटीचा दोरा बांधता येईना, तेव्हा माझ्यावर ओरडले. पहिल्यांदा ओरडले." त्या डोळे मिटून ओळखत होत्या. एकदाही चाचपडल्या नाहीत. चौथा, तिसरा. "बटणं मी लावायला लागले." पटाशी घसरून लाकडाला लागू नये म्हणून मी श्वास धरून काम करत होतो. प्रत्येक थरानिशी मुठीतली पोकळी मोठी होत होती. त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात आमच्या दोघांच्या मधे कुणीतरी हळूहळू भरत चाललंय, असं मला वाटलं. मी मान वर केली नाही.

दुसरा निघाला. मग पहिला. खाली नुसतं अक्रोडाचं लाकूड, त्याच्या घामाने काळं पडलेलं, त्याच्या चांगल्या हाताच्या मापाने मीच कधीकाळी कानसलेलं. मी ते कोरडं पुसलं आणि त्यांच्या पुढे धरलं.

त्यांनी बोटं आत घातली. मग त्यांच्या बोटांची पकड घट्ट झाली आणि त्या खाली जमिनीवरच बसल्या, ओट्याला टेकून, मूठ छातीशी धरून.

गॅस मी बंद केला. पुट्टीच्या कपच्या ओट्यावर पडल्या होत्या. त्या गोळा करून रुमालात बांधल्या आणि खिशात घातल्या, कारण ते काम माझं होतं. "वहिनी, येतो," म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण हात सोडवून घेतला नाही. दार मीच बाहेरून ओढून घेतलं.